यातले आपले कोणते?

लेगोच्या ठोकळ्यांतल्या माणसाला पालथं झोपवता येत नाही. उताणं झोपवता येतं. त्याच्या पायांना मागच्या बाजूनं छोटी भोकं असतात. ती खालच्या पाटीवरच्या खुंट्यांवर, म्हणजे स्टडवर, दाबली की माणूस घट्ट बसतो. मग त्याला बसवा नाहीतर आडवा करा. पायांची पुढची बाजू मात्र सपाट. त्यामुळे लेगोच्या रणांगणावर पडलेला जो तो आभाळाकडे बघत असतो, आणि जुन्या डोक्यांपैकी असेल तर हसतही असतो. १९७८ साली ही चार सेंटिमीटरची माणसं आली तेव्हा सगळ्यांना एकच चेहरा होता: दोन ठिपके आणि एक स्मित. १९८९ साली समुद्री चाच्यांचे संच निघाले तेव्हा कुठे दाढ्यामिशा आणि डोळ्यावरच्या पट्ट्या दिसू लागल्या.

माझी ही अडचण झाली ती असईच्या लढाईतल्या गोलंदाजांपायी, म्हणजे तोफा डागणाऱ्यांपायी. २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंद्यांच्या तोफांवर इंग्रजांचं पायदळ संगिनी रोखून चालून आलं, तोफांच्या रांगेतून आरपार गेलं आणि पुढच्या पलटणींच्या मागे लागलं. तोफांपाशी जे पडले होते त्यातले काही मेलेलेच नव्हते. मेल्याचं सोंग घेऊन ते पडून राहिले होते. इंग्रज पुढे सरकल्यावर ते उठले, तोफा फिरवल्या आणि त्यांच्या पाठीवर मारा सुरू केला. तेव्हा आर्थर वेलस्लीला, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला, ७८वी हायलंडर्स ही स्कॉटिश पलटण आणि मद्रासचं ७वं घोडदळ घेऊन स्वतः माघारी यावं लागलं आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्या झटापटीत त्याच्या घोड्याला भाला लागला. घोड्याचं नाव डायोमेड. घोड्याचं नाव इतिहासात राहिलं, गोलंदाजांचं राहिलं नाही.

मला तो क्षण लेगोत उभा करायचा होता. काही आडवे, काही कोपरावर उठलेले, एकाचा हात तोफेच्या चाकावर. लेगोच्या माणसाला कोपर नसतं, हेही त्याच रात्री नीट ध्यानात आलं. हात खांद्यातून फिरतो, पंजा मनगटात फिरतो, पाय कमरेत वाकतात, मान फिरते. बस, एवढंच. सोंग घेऊन पडलेला माणूस आणि खरोखर मेलेला माणूस यांत फरक दाखवायचा तर मान तेवढी हाताशी उरते. मी जिवंत गोलंदाजांच्या माना तोफांकडे वळवल्या आणि मेलेल्यांच्या सरळ ठेवल्या. टेबलाशी वाकून बघणाऱ्यालाच ते दिसतं. न दिसलं तरी माझी हरकत नाही. त्या दिवशी हायलंडर्सनाही दिसलं नव्हतं.

असई जालना जिल्ह्यात आहे, भोकरदन तालुक्यात. पानिपत म्हटलं की आपल्याकडे लहान पोरही मान डोलावतं. असई म्हटलं की बहुतेकांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. वेलस्लीचं याउलट. वॉटर्लू जिंकून झाल्यावर, म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईतली तुमची सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, तर तो म्हणाला, असई. ज्या गावाचं नाव नेपोलियनला हरवणाऱ्या माणसाच्या तोंडी मरेपर्यंत होतं, ते आपल्या पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत उरकतं. मला ठोकळ्यांतून लढाई करायचीच होती, आणि इथून गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं रणांगण हाताशी असताना उगाच अमेरिकेतलं गेटिसबर्ग कशाला करा?

लहानपणी आम्ही दिवाळीत किल्ले करायचो. चिखल, पोती, अळीव, मोहरी, वर सिंहासनावर महाराज. त्या किल्ल्यात एक गोष्ट नसते आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली: शत्रू. मावळे असतात, तोफा असतात, वाणी, गवळण आणि मावळ्यापेक्षा दुप्पट मोठा वाघही असतो, पण वेढा घालायला कुणी येत नाही. तो किल्ला नांदत असतो. लढाई मांडायची म्हणजे समोरच्यालाही तितक्याच निगुतीनं बसवावं लागतं, त्याचेही बूट काळे करावे लागतात, त्याच्याही बंदुका मोजाव्या लागतात. ही सवय किल्ल्यावर लागत नाही.

आता मापं. लेगोच्या दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर. उभा ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच, आणि पातळ ठोकळा, ज्याला प्लेट म्हणतात, त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२. माणूस ४ सेंटिमीटरचा धरला तर प्रमाण साधारण एकास बेचाळीस पडतं. शिंद्यांच्या कवायती पलटणींची रांग मैलभर होती. तो मैल या प्रमाणात ३८ मीटर भरतो. आमच्या इमारतीचं वाहनतळही तेवढं लांब नाही. माझं टेबल म्हणजे ४८ बाय ४८ स्टडच्या आठ पाट्या, दीड मीटर लांब. त्यावर असईचे ६५ मीटर मावतात. साडेनऊ हजारांची एक फौज आणि तिच्या कितीतरी पट मोठी दुसरी, त्यांच्या लढाईतले ६५ मीटर.

म्हणून दोन मांडण्या केल्या. एक मोठ्या माणसांची, तोफांच्या रांगेचा तुकडा. दुसरी नकाशावजा, अख्ख्या रणांगणाची, जिच्यात एक स्टड म्हणजे अकरा मीटर आणि एक पलटण म्हणजे ठिपक्यांची रांग. ही दुसरी करताना मी लढाई शिकलो.

केळणा आणि जुई या दोन नद्या असईच्या पूर्वेला एकमेकींना मिळतात. त्यांच्या बेचक्यात चिंचोळी जमीन, आणि केळणेच्या उत्तर काठानं मराठ्यांची फौज तोंड दक्षिणेला करून उभी. वेलस्ली दक्षिणेकडून आला. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज येऊन मिळेपर्यंत थांबायचं त्याचं ठरलेलं होतं, पण शत्रू इतका जवळ सापडल्यावर तो थांबला नाही. समोरून नदी ओलांडणं म्हणजे शंभरावर तोफांच्या तोंडी जाणं. नदी पार करायला उतार दुसरीकडे कुठे आहे का म्हणून विचारलं तर वाटाडे म्हणाले, नाही. दुर्बिणीतून त्याला पूर्वेला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, इंग्रजी नकाशांत पीपलगाव आणि वारूर अशी लिहिलेली. इतकी जवळ गावं आहेत त्या अर्थी मधून ये-जा असणार आणि उतारही असणार, असा त्यानं हिशेब केला. तो बरोबर निघाला. नदी ओलांडताना त्याच्या शेजारच्या स्वाराचं मुंडकं तोफगोळ्यानं उडालं, पण फौज पलीकडे गेली.

इंग्रजी पुस्तकं या उतारावर जीव टाकतात. तर्क छानच आहे, नाही कोण म्हणतो. पण मांडणीत मजा वेगळीच झाली. केळणेची जी दरड तोफा उतरू देत नव्हती, जिच्यामुळे हा सगळा खटाटोप झाला, ती माझ्या प्रमाणात एका प्लेटपेक्षाही बारीक भरली. प्रमाणाशी प्रामाणिक राहावं तर नदी म्हणजे निळी पट्टी, आणि बघणारा म्हणणार, सरळ गेले का नाहीत? मग मी दरड चार प्लेट उंच केली. उंचीच्या बाबतीत सगळेच मांडणीवाले असं खोटं बोलतात आणि ते चालतं. मी तिथे उभा राहिलो तेव्हा कपाशी कमरेपर्यंत आली होती आणि नदीत पाणी बेताचंच होतं, तरी काठावरून खाली बैलगाडी उतरवायची माझी छाती झाली नसती.

दुसरी गोष्ट मला ठोकळ्यांनीच दाखवली. इंग्रज नदी ओलांडून बगलेवर येतात हे दिसल्यावर शिंद्यांच्या पलटणींचा नायक पोलमन यानं आपली अख्खी रांग नव्वद अंशांत फिरवली. आधी तोंड दक्षिणेला, आता पूर्वेला; एक टोक केळणेवर, दुसरं असई गावाच्या मातीच्या भिंतींपाशी. पुस्तकात हे अर्ध्या वाक्यात वाचून आपण पुढे जातो. मी ती रांग गुळगुळीत टाइलवर ठेवून बिजागरीच्या ठोकळ्यानं फिरवायला गेलो, तर आतलं टोक जागच्या जागी आणि बाहेरचं टोक दीड मैल चालतंय! तोफा, बैल आणि दारूगोळ्याचे गाडे घेऊन हे त्यांनी शत्रू समोर उतरत असताना केलं, ओळ न मोडता. माझ्या मते त्या दिवसाची सर्वांत देखणी चाल ही होती, उतार नव्हे. माझ्या मुलीचंही तेच मत पडलं, पण तिला बिजागरी आवडली होती.

बैलांचं वेगळं सांगायला हवं. वेलस्लीच्या तोफा बैल ओढत होते, आणि मराठी तोफखान्यानं ते बैलच इतके टिपले की तोफा पुढे हलेनात. अखेर त्या मागे सोडून नुसत्या संगिनींवर चालून जायचा हुकूम त्याला द्यावा लागला. म्हणजे मांडणीत बैल हवेतच. लेगोची गाय मिळते, पण ती विलायती. तिला वशिंड नाही. खिल्लार बैल पाहिलेल्या माणसाला ते सहन होत नाही. मग मी बैल सुटे ठोकळे जोडून केले, आणि वशिंडाला तो छोटा उतरता तुकडा लावला ज्याला लेगोवाले चीज म्हणतात. शिंगांना पांढरे वाकडे दात, तेही कुठल्याशा राक्षसाच्या संचातले. साऱ्या मांडणीत मला सर्वांत आवडतं काही असेल तर ते हे जोखड आणि जोखडात मेलेला एक बैल, ज्याच्या शेजारचा जिवंत बैल अजून ओढतोय.

खर्चाचं विचारू नका. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ झालं आणि २०२३ साली सत्तर. सुटे तुकडे ब्रिकलिंकसारख्या ऑनलाइन बाजारातून परदेशी विक्रेत्यांकडून मागवायचे, आणि पाकीट इथे पोचलं की तुकड्यांपेक्षा जकातीचा आकडा मोठा. बायको एकदाच म्हणाली, ‘शिंद्यांनी एवढा खर्च केला असता तर जिंकले असते.’

ठोकळ्यांच्या लढाईत सर्वांत अवघड निर्णय म्हणजे घड्याळ कुठे थांबवायचं. लेखात ‘दुपारी तीनला सुरू झालेली लढाई सहापर्यंत चालली’ असं लिहून सुटता येतं. टेबलावर प्रत्येक माणूस एकाच क्षणी कुठेतरी उभा असावा लागतो. याचा सर्वांत करुण दाखला वेलस्लीच्याच वाट्याला आहे. १८३० साली लेफ्टनंट विल्यम सायबोर्नला वॉटर्लूची प्रतिकृती करायचं काम मिळालं. तो रणांगणावरच्या ला हे सांत या शेतवाड्यात आठ महिने राहिला आणि जमीन मोजली. मग लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही नेमके कुठे होता, समोर शत्रू कोण होता, शेतात पीक कोणतं होतं? पिकापर्यंत विचारणारा माणूस! सरकारनं मधेच पैसे थांबवले, तरी त्यानं स्वतःच्या खिशातून काम तडीस नेलं. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ती मांडणी लोकांसमोर आली तेव्हा तिच्यात पंचाहत्तर हजारांच्या आसपास शिशाची माणसं होती.

अडचण सात वाजण्याची होती. त्या वेळी इंग्रजांच्या मदतीला येणारं प्रशियाचं सैन्य कुठवर आलं होतं? पत्रांवरून सायबोर्ननं त्यांना बरंच पुढे आणि मोठ्या संख्येनं दाखवलं. म्हणजे विजयात वाटेकरी आला. ड्यूकला ते रुचलं नाही. दबाव वाढत गेला आणि सायबोर्ननं प्रशियाची हजारो माणसं मांडणीतून काढून टाकली. घातलेले पैसे त्याला कधी पुरते परत मिळाले नाहीत. १८४९ साली तो गेला. ती मांडणी आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. लढाईचा इतिहास लिहिणं म्हणजे नाचाच्या मजलिशीचा इतिहास लिहिणं, असं ड्यूकनं १८१५ सालीच एका पत्रात लिहून ठेवलं होतं: छोटे प्रसंग आठवतात, पण कोणता आधी आणि कोणता नंतर हे कुणाला सांगता येत नाही. बोलणं खरंच आहे. फक्त ते जिंकलेल्या माणसाच्या सोयीचंही आहे.

माझं घड्याळ गोलंदाज उठतात त्या क्षणावर थांबलं. त्यात माझी सोय अशी की त्या घटकेला मराठे हरलेले दिसत नाहीत. हा पक्षपात आहे हे मला मान्य आहे, आणि मी तो बदलणार नाही.

एक प्रसंग मात्र मी मुद्दाम केला नाही. इंग्रजांच्या उजव्या बाजूची ७४वी हायलंडर्स वाट चुकून असई गावाच्या तोफांसमोर गेली. पाचशेतले चारशेच्या आसपास मारले गेले किंवा जखमी झाले. उरलेल्यांनी मेलेल्यांचाच आडोसा करून कसाबसा चौकोन धरला, तो कर्नल मॅक्सवेलचं घोडदळ येईपर्यंत. मॅक्सवेल पुढे त्याच दिवशी पडला. मी तो चौकोन रचून बघितला होता. पडलेल्या लेगोमाणसांचा ढीग खेळणी आवरून ठेवायच्या डब्यासारखा दिसतो, दुसरं काहीच दिसत नाही. रक्तासाठी लाल पारदर्शक ठिपके वापरतात काही जण. त्यानं जास्तच जेली सांडल्यासारखं झालं असतं. तिथे मी गावाची भिंत उभी केली आणि थांबलो.

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीनं देखाव्याच्या शेजारी टेबल टाकून दिलं. त्याआधी समितीत चर्चा झाली की इंग्रज जिंकलेली लढाई बाप्पासमोर कशाला, प्रतापगड करा की. शेवटी ‘मुलांना बघायला बरं’ या मुद्द्यावर मंजुरी मिळाली. पहिल्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि म्हणाले, ‘झकास रे! आता सांग, यातले आपले कोणते?’

मी बोट दाखवलं शिंद्यांच्या पलटणींकडे. मग सांगणं भाग पडलं की काका, या पलटणींत बहुतेक जवान उत्तर हिंदुस्थानातले. नायक पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन, पूर्वी इंग्रजांच्याच चाकरीत असलेला. काही पलटणी सरधन्याच्या बेगम समरूच्या. खुद्द दौलतराव आणि नागपूरचे रघूजी भोसले लढाई रंगात येण्याआधीच मैदानातून निघून गेलेले.

‘बरं. मग हे लाल कोटवाले गोरे.’

तेही नाही. जुनी पिवळी डोकी वापरली असती तर हा प्रश्न आलाच नसता. पिवळ्यात सगळे सारखे. पण २००३-०४ पासून लेगोत खऱ्या कातडीच्या रंगांची डोकी मिळतात आणि मी ती घेतली. त्यामुळे टेबलावर स्वच्छ दिसतं की लाल कोटांतले बहुतेक चेहरे सावळे आहेत. मद्रासचे शिपाई. गोऱ्या म्हणाव्यात अशा दोन पायदळ पलटणी, घोडदळाची एक, आणि काही गोलंदाज. त्यांच्या मागे म्हैसूरचे स्वार. आणि त्यांच्या शेजारी पेशव्यांचे स्वार, कारण ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला बाजीरावांनी इंग्रजांशी केलेल्या तहावर सही केली होती.

काका बराच वेळ त्या कोपऱ्यातल्या भगव्या निशाणाकडे बघत राहिले. ‘म्हणजे इकडेही भगवा आणि तिकडेही?’

‘हो.’

‘एक काढून टाक. पोरं गोंधळतील.’

मी काढला नाही, पण सायबोर्नची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी एका रावसाहेबांनी, लष्करातून निवृत्त झालेल्या, प्रकरण आणखी वाढवून ठेवलं. मांडणीतल्या हत्तीकडे बोट करून ते म्हणाले, मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात जो हत्ती आहे तो असईचाच. खरं आहे, मद्रासच्या पलटणींना तो या लढाईबद्दल मिळाला. आपल्याच आजच्या सैन्याच्या टोपीवर, मराठ्यांना हरवल्याचा हत्ती. काकांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि आरतीला निघून गेले.

लेगो कंपनी आधुनिक युद्धाचे संच काढत नाही. रणगाडे करणारे करतात. पोलंडच्या कोबीचा तर दुसऱ्या महायुद्धावर मोठा धंदा आहे. पण लेगोत तलवारी, चाच्यांच्या तोफा, निळ्या आणि लाल कोटांचे शिपाई हे सगळं चालतं. सुरुवातीचा किल्ला, तोही १९७८चाच, पिवळाधमक होता. करडे ठोकळे दिले तर पोरं रणगाडे करतील अशी मालकांना धास्ती होती असं सांगतात. म्हणजे कुठेतरी एक रेघ आहे, जिच्या अलीकडचं युद्ध म्हणजे युद्ध आणि पलीकडचं म्हणजे खेळ. असई त्या रेघेच्या कुठल्या बाजूला पडते हे मला विचाराल तर ते बघणाऱ्यावर आहे. गणपतीतल्या पोरांना ती पलीकडची वाटली. त्यांनी ओळीनं सगळ्या तोफांमध्ये बोट घालून पाहिलं, दोन शिपायांचे केस पळवले, आणि सोंग घेऊन पडलेला गोलंदाज एका सहा वर्षांच्या मुलीनं कुणी न सांगता ओळखला. ‘हा जागाय,’ म्हणाली. मानेवरून.

पुढच्या वर्षी आडगाव नाहीतर गाविलगड. आडगावची लढाई त्याच साली २९ नोव्हेंबरला झाली, आणि असईला टिच्चून लढलेल्या मद्रासच्या काही पलटणी तिथे तोफा सुरू होताच मागे पळाल्या. वेलस्लीनं स्वतः त्यांना थोपवून परत आणलं. ते मांडायला फार मनात आहे, पण जमीन सपाट, ज्वारीची ताटं उभी करण्यातच वर्ष जाईल. गाविलगड १५ डिसेंबरला शिड्या लावून पडला. चिखलदऱ्याला जाऊन फोटो काढून आलोय. तटबंदीला करडे ठोकळे लागतील, पिवळ्यावर भागणार नाही, आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही.